अक्काची खुशाली

कलाबाईच्या घरात एक अक्का राहते, एवढं गल्लीतल्या बायांना माहीत होतं. दर रविवारी दुपारी पुण्याहून मुलाचा फोन यायचा आणि कलाबाई ओट्यावर बसून मोठ्यानं सांगायची की अक्का बरी आहे, अक्का जेवली, अक्कानं पाणी घेतलं. शेवटी शेजारच्या कोकिळेला राहवेना. ती विचारायला आली की तुमच्याकडं ही म्हातारी आहे तरी कोण, अंथरुणाला खिळलीय का, कधी दारात कशी दिसत नाही. कलाबाई हसली आणि तिला मागच्या खोलीत घेऊन गेली. फडताळात काचेची पेटी होती, पेटीत माती, मातीत बीळ आणि बिळाच्या तोंडाशी तळहाताएवढा केसाळ कोळी बसलेला. कोकिळा जी पळाली ती कितीतरी दिवस त्या घराची पायरी चढली नाही. तिची मुलगी मृणाली मात्र धीट. ती मोबाइल घेऊन यायची, अक्काचे फोटो काढायची आणि कलाबाईच्या वतीनं पुण्याला पाठवून द्यायची.

तर ही अक्का म्हणजे कोळीण. कलाबाईचा एकुलता एक मुलगा प्रशील साक्रीला आत्याकडं गेला होता, तेव्हा रस्त्याच्या कामावर जेसीबीनं दरड कापली आणि ही बाई बिळासकट उघड्यावर आली. मजूर फावडी घेऊन धावले. प्रशीलनं जेवणाचा डबा रिकामा केला, तिला त्यात घेतलं आणि एसटीत मांडीवर ठेवून भडगावला आणलं. शेजारच्या माणसानं डब्यात काय म्हणून विचारलं, तर म्हणाला, अक्का आहे. तेव्हापासून तेच नाव पडलं. नावाला शोभायचीही. दिवसभर आपल्या दारात बसून राहायची आणि कुणी फार जवळ गेलं की पुढचे पाय वर उचलून दटावायची.

दुसऱ्यांची पोरं कुत्रं आणतात, मांजर आणतात, फार तर पोपट. प्रशीलला लहानपणापासून ज्याला लोक चप्पल उगारतात तेच आवडायचं. दगड उलटायचा आणि खाली बघत बसायचा. मोठा झाला, आयटीआय झाली, चाळीसगावला एका वर्कशॉपमध्ये लागला, तरी सुटलं नाही ते. मागच्या खोलीत बिस्किटांच्या बरण्या, झाकणांना भोकं पाडलेली. एकीत काळी इंगळी, म्हणजे मोठा विंचू, एकीत गोम, एकीत पाठीवर पिल्लं घेतलेली दुसरी इंगळी. कुणाला ओल लागते, कुणाला कोरडं लागतं, कोण किती दिवसांनी खातं, सगळं त्याला ठाऊक. लोक विचारायचे, अरे हे काय अंगावर येऊन खेळतात का, तुला ओळखतात का. तो म्हणायचा, नाही ओळखत. मग कशाला पाळतो? तर त्याचं उत्तर एकच की यांना कुणी पाळत नाही म्हणून. आता यावर माणसानं काय बोलावं!

पण त्या घरात एक माणूस असा होता, ज्याला या सगळ्याची शिसारी नव्हती, भीती होती. तो म्हणजे प्रशीलचा बाप, मोतीलाल. जिनिंगमध्ये काट्यावर कापसाच्या गाड्या मोजण्यात त्याचा जन्म गेला. मूळचा साक्रीकडचा. लहानपणी बाप दगडाच्या खाणीवर कामाला, बिऱ्हाड खाणीशेजारीच. तिथं त्याच्या धाकट्या बहिणीला, रूपाला, लाल विंचू चावला. आधी मंत्र टाकणारा आला, मग पाला बांधणारा आला, मग बैलगाडी मिळाली. गाडीत तिचा हात मोतीलालच्या हातात होता. पोरगी घामानं निथळत होती आणि हात थंड पडत चालला होता. साक्री दिसायला लागली तेव्हा ती गेली. ही गोष्ट मोतीलालनं लग्नानंतर एकदाच कलाबाईला सांगितली होती आणि प्रशीलला कधीच नाही. बापानं मुलाला सांगायला नको होती का? हवी होती. पण आपल्याकडचे बाप असं काही सांगत नाहीत, नुसते ओरडतात.

काळ्या इंगळ्या त्यानं कशाबशा सोसल्या. मग एक दिवस प्रशील चाळीसगावला कामावर असताना मोतीलाल मागच्या खोलीत काहीतरी शोधायला गेला आणि एका बरणीत त्याला लाल विंचू दिसला. बारकाच, बोटाएवढा. मोतीलालनं आरडाओरडा केला नाही. शेजाऱ्याकडून फवारणीचा पंप आणला, कपाशीवर मारायचं औषध त्यात भरलं आणि एकेक झाकण उघडून एकेका बरणीत मारत गेला. कलाबाई त्याचा हात धरायला गेली, पण त्याचा चेहरा बघून मागं सरली. तिला एवढंच सुचलं की काचेची पेटी पदराखाली घ्यावी आणि मागच्या दारानं बाहेर पडावं. न्हाणीच्या आडोशाला ती पेटी कवटाळून उभी राहिली आणि आत फुसफुस आवाज चालू राहिला.

संध्याकाळी प्रशील आला. बरण्या बघितल्या. एकेक बरणी मोरीत नेऊन धुतली, पुसली आणि पालथी घातली. मग बॅग भरली. निघताना बापासमोर उभा राहिला आणि शांतपणे म्हणाला, "आबा, तुमच्याशी मी आज शेवटचं बोलतोय." रूपाचं नाव मोतीलालच्या ओठांवर आलं असेल का, हे कलाबाईला कधी कळलं नाही. आलं असेल तरी ते तिथंच राहिलं.

प्रशील पुण्याकडं चाकणच्या एका कारखान्यात लागला. खोलीवर पाच-सहा पोरं, पाय पसरायला जागा नाही, तिथं अक्काला कुठं ठेवणार? ती भडगावलाच राहिली. म्हणून रविवारचा फोन. कलाबाई काही भोळी नव्हती, फोन कुणासाठी येतो ते तिला समजत होतं. पोरगा विचारायचा ते अक्काचं. तिनं खाल्लं का, माती ओली आहे का, बिळात गेली की बाहेर आहे. आईचं विचारणं शेवटी, तेही सहज. पण अक्काच्या निमित्तानं आवाज कानावर पडायचा, आणि तेवढ्यासाठी कलाबाई बाकीचे सहा दिवस काढायची. चौदा एप्रिलच्या जयंतीला गावातली झाडून सगळी पोरं घरी येतात, मुंबईची, सुरतेची, कुठली कुठली. प्रशील आला नाही. बुद्धपौर्णिमेलाही आला नाही. फोन मात्र चुकला नाही. कलाबाईनं मनाशी पक्कं धरलं होतं की अक्का आहे तोवर पोरगा आपला आहे.

आणि मोतीलाल? त्याचं काय विचारता. पहिले काही महिने त्यानं मागच्या खोलीत पाऊल टाकलं नाही. कलाबाईचे गुडघे धरलेले, तिला अक्कासाठी किडे पकडता येईनात. झुरळामागं धावताना ती दोनदा पडता पडता वाचली. मग एका सकाळी ओट्यावर काड्यापेटी दिसली. उघडली तर आत जिवंत नाकतोडा. तिनं मोतीलालकडं पाहिलं, तर साहेब पेपरात डोकं घालून बसलेले. त्यानंतर काड्यापेटी येत राहिली. म्हातारा गिरणा नदीच्या काठानं फिरायला जायचा आणि गवतात वाकून वाकून नाकतोडे धरायचा. ज्यानं पंप मारला तोच आता शिकार करून आणत होता. दोघं त्यावर एक अक्षर बोलले नाहीत. फक्त रविवारी फोन आला की कलाबाई स्पीकर चालू करायची आणि मोतीलाल खुर्ची जरा ओढून घ्यायचा. ऐकू कमी यायचं त्याला.

आता आपल्याकडं एक रीत आहे, आणि जळो ती रीत. लांब असलेल्या लेकराला वाईट सांगायचं नाही. मोतीलालला छातीत दुखलं, धुळ्याला दवाखान्यात ठेवला, तरी कलाबाई रविवारी दवाखान्याच्या जिन्यात उभी राहून सांगत होती, "बठ्ठं बरं शे," सगळं बरं आहे म्हणून. तिची आई तिच्याशी तशीच वागली होती. सासरी असलेल्या लेकीला बापाच्या आजाराचं कळवलंच नव्हतं, कळवलं ते एकदम मयतीला. त्याचा राग कलाबाईला आजही येतो. तरी स्वतःच्या पोराशी ती तेच करत होती.

थंडी ओसरत आली, शेतात लोक कपाशीच्या वाळलेल्या पऱ्हाट्या उपटायला लागले, त्या सुमाराला अक्कानं खाणं सोडलं. नाकतोडा तिच्या अंगावरून चालत गेला तरी ती हलेना. पोट काळवंडलं. बिळाचं तोंड सोडून ती पेटीच्या कोपऱ्यात आली आणि तिथं पांढरं दाट जाळं विणलं, जमिनीलगत, सतरंजी अंथरावी तसं. रविवारी प्रशीलनं विचारलं, खाल्लं का? कलाबाई म्हणाली, खाल्लं. पुढच्या रविवारीही म्हणाली, खाल्लं. एवढ्याशा जिवाची काळजी, कशाला पोराच्या डोक्याला ताप, दोन दिवसांत खाईल. मोतीलालनं नुसती मान हलवली. त्यालाही तेच वाटत होतं.

मग एका दुपारी कलाबाई पाणी घालायला गेली तर अक्का त्या सतरंजीवर उताणी पडलेली. आठही पाय वर, पसरलेले. कलाबाईनं हाक मारली. कोळ्याला हाक मारून काय होतं? पण मारली. झाडूची हिरकाडी घेतली, हळूच पायाला लावली. हालचाल नाही. काचेच्या बाहेरून तांबड्या मुंग्यांची रांग फडताळावर चढत होती. तेवढ्यानं तिचा धीर सुटला. मुंग्या हिला जितेपणी शिवल्या नसत्या, असं तिला वाटलं. तिनं मोतीलालला बोलावलं. त्यानं चष्मा लावून बराच वेळ वाकून पाहिलं आणि म्हणाला, "मरी गई."

मयत घरात ठेवून चालत नाही. कलाबाईनं ट्रंकेतून प्रशीलचा शाळेतला पांढरा सदरा काढला, त्याचं एक फडकं फाडलं आणि अक्काला त्यात ठेवून चार टोकं बांधली. मोतीलालनं परसात पपईखालची ओली माती उकरली. दोघांनी तिथं उभ्या उभ्या त्रिसरण म्हटलं. कुणी पाहिलं असतं तर म्हातारा-म्हातारी खुळावली म्हणाले असते. कलाबाई रडली, मोतीलालनं माती लोटली आणि पायानं न दाबता हातानं थापली.

रविवारी फोन आला. कलाबाईनं आठवडाभर ठरवलं होतं की सांगायचं. त्यानं विचारलं, अक्का कशी आहे? आणि तिच्या तोंडून गेलं, बरी आहे. एकदा गेलं ते गेलं. त्याच्या पुढच्या रविवारी अक्कानं नाकतोडा खाल्ला, त्याच्या पुढच्या रविवारी पाणी प्यायली. कलाबाईला खोटं बोलायची इतकी सवय झाली की रिकाम्या पेटीतल्या अक्काचं वर्णन करताना तिचा आवाजही हलेना. मग प्रशीलनं फोटो मागितला. बरेच दिवस झाले, म्हणे, तिला पाहून. कलाबाईनं मृणालीला गाठलं आणि जुन्यातला शेवटचा फोटो पाठवायला लावला. अक्का खाईनाशी झाली तेव्हाचा होता तो.

त्या रविवारी फोन वाजला तो वेळेच्या आधीच. प्रशीलचा आवाज असा होता की कलाबाईला तो शाळेत असतानाचा आठवला. म्हणाला, आई, फोटो पाहिला, तिचं पोट काळं पडलंय, ती कात टाकणार आहे! कलाबाईला कळेना. त्यानं समजावून सांगितलं. कोळ्याला अंगावरची कातडी बदलावी लागते. मागच्या खेपेला अक्कानं बिळाच्या आत टाकली होती, त्याला नंतर नुसती कात सापडली, टाकताना कधी बघायला मिळालं नाही. आता नीट ऐक, म्हणाला.

"ती खाणं सोडेल, त्याची काळजी करू नको. खाली जाळं अंथरेल आणि त्यावर उताणी पडेल, पाय वर करून. मेल्यासारखीच दिसते आई. लोक मेली समजून टाकून देतात. तू हात लावू नको, फक्त मला फोन कर. मी रजा टाकून येतो. खरंच येतो या वेळी."

स्पीकर चालू होता. मोतीलाल खुर्चीतून उठला. कोपऱ्यातलं खुरपं घेतलं आणि मागच्या दारानं परसात गेला. कलाबाई फोनवर हो हो म्हणत राहिली. हो, हात लावत नाही. हो, कळवते. हो रे बाबा, ये. इतके दिवस ज्या एका शब्दासाठी ती कान लावून बसली होती तो शब्द आला होता, आणि तिला मागून खुरप्याचा आवाज ऐकू येत होता.

फोन ठेवून ती परसात गेली तेव्हा मोतीलाल पपईखाली उकिडवा बसला होता. फडक्याची गाठ त्यानं सोडली होती. फडक्यावर जुनी कात होती, पाठीवर उकललेली, आणि त्या कातीतून अक्का अर्धी बाहेर आलेली होती. पुढचे पाय तिनं सोडवून घेतले होते. मागचे आतच राहिले होते. गाठ बांधलेल्या अंधारात, मातीखाली, ती आपलं काम करत राहिली होती, जेवढं जमलं तेवढं.

"जित्ती व्हती ती," कलाबाई म्हणाली. मोतीलालनं मान हलवली. त्यानं फडकं पुन्हा बांधायला घेतलं, पण त्याच्या बोटांना गाठ बसेना. शेवटी कलाबाईनंच बांधली.

तो आठवडा त्या घरात कसा गेला ते त्यांचं त्यांना माहीत. चूल पेटायची, भाकरी व्हायची, ताटात तशीच राहायची. कलाबाई सारखं एकच म्हणत होती, खाणं सोडलं तेव्हाच खरं सांगितलं असतं तर त्यानं लगेच ओळखलं असतं, अक्का जगली असती, पोरगा आज घरात असता. तिच्या दोन खोट्या शब्दांनी हे झालं. आता मी सांगणार, ती म्हणाली, सगळं सांगणार, मग त्याला काय म्हणायचं ते म्हणू दे. मोतीलाल ऐकून घ्यायचा. शनिवारी त्यानं तोंड उघडलं. म्हणाला, अक्का मेली ते तो सोशील. पण आई इतके रविवार आपल्याशी खोटं बोलली, हे नाही सोसणार. या घरात त्याचा विश्वास एकट्या तुझ्यावर आहे. तोही गेला तर तो फोन कुणाला करील?

"तू उगी राह्य. मी बोलसू त्याच्याशी," मोतीलाल म्हणाला. "त्याना मनमा मी आधीच मारेकरी शे."

कलाबाई नको म्हणाली. भांडली. तुमचं एवढं वय झालं, छातीचं दुखणं, आणि आता कुठं पोराचं मन वळायला लागलंय, असं म्हणाली. मोतीलालनं पेपर उघडला आणि तोंडासमोर धरला. त्याचं ठरलं होतं. आणि खरं सांगायचं तर, कलाबाई भांडली ती पोटापासून नाही. रात्री अंथरुणावर पडल्यावर तिला स्वतःच्या मनात काय आहे ते दिसलं आणि तिनं कूस बदलली.

रविवारी फोन वाजला आणि मोतीलालनं उचलला. पलीकडून प्रशील आई, आई करत होता. मोतीलाल म्हणाला, मी बोलतोय. मग पलीकडून काही यायच्या आत एका दमात सांगून टाकलं, पाठ केल्यासारखं, की घरात झुरळं झाली होती, मी औषध मारलं, मागच्या खोलीतही मारलं, तुझी ती कोळीण मेली. आईला मी सांगू दिलं नाही, धाक घातला होता. चूक झाली म्हणाला नाही. तसं म्हणाला असता तर पोराला कदाचित शंका आली असती.

कलाबाई समोर उभी होती. तिला वाटलं, प्रशील विचारील. कधी मारलं, कसं मारलं, काहीतरी विचारील. विचारलं असतं तर तिनं फोन ओढून घेतला असता, असं ती स्वतःला आजवर सांगते. पण त्यानं विचारलंच नाही. बापाच्या तोंडचं एवढं मोठं खोटं त्यानं एका घासात गिळलं. त्याला ते नवीन वाटलंच नाही.

"आईला द्या," एवढंच तो म्हणाला.

कलाबाईनं फोन घेतला. प्रशील म्हणाला, आई, तू रडू नको. तू काय करणार होतीस त्यांच्यापुढं. तू तर मागच्या वेळी वाचवलं होतंस तिला. मला माहीत आहे तू किती जपलंस. कलाबाईनं तोंड उघडलं. मोतीलालनं हाताचा पंजा वर केला, गाडी थांबवावी तसा. ती "हं" म्हणाली. मग प्रशील म्हणाला की तुला बघून फार दिवस झाले, मी येऊन जातो, पण ते घरात असतील तर मी पायरी चढणार नाही. ते नसतील असा एखादा दिवस सांग.

स्पीकर चालूच होता. मोतीलालनं सगळं ऐकलं होतं. तो खालच्या आवाजात म्हणाला की शनिवारी बहिणीकडं, ताईबाईकडं जाईन, साक्रीला. कलाबाईनं फोनमध्ये सांगितलं, शनिवारी ये.

शनिवारी सकाळी मोतीलालनं पिशवीत एक कपड्याचा जोड आणि छातीच्या गोळ्या घातल्या. दाढी केली होती. मुलगा येणार म्हणून बाजारातून चांगली वांगी तोच आदल्या दिवशी घेऊन आला होता. चहा पिऊन निघताना त्यानं विचारलं, चाळीसगावहून पोराची गाडी किती वाजता येते. कलाबाईनं सांगितलं. मग तो म्हणाला की आपण जरा लवकरच निघावं, स्टँडवर उगाच समोरासमोर नको. आणि गेला. कलाबाईनं दारात उभं राहून त्याला कोपऱ्यापर्यंत पाहिलं.

प्रशील आला. वाळला होता, गालफडं बसली होती, पण हसला. कलाबाईच्या पाया पडला. मागच्या खोलीत जाऊन रिकामी पेटी बघून आला. कलाबाईनं भरीत केलं होतं, कळण्याची भाकर, ठेचा. तो खाली बसून जेवला, पहिल्यासारखाच मांडी घालून, पहिल्यासारखाच कांदा मुठीनं फोडून. कामाचं सांगत होता, खोलीवरच्या पोरांचं सांगत होता. कलाबाई तव्यावर भाकरी टाकत ऐकत होती. डोळे भरून पाहावं म्हटलं तर पोरगा समोर होता, हात लांबवला तर हाताला लागेल इतका जवळ. दुसरी भाकर मोडता मोडता त्यानं घरभर नजर फिरवली, खुर्चीकडं पाहिलं, खुर्चीवरच्या पेपराकडं पाहिलं.

"ते नसले की घर किती मोकळं वाटतं, नाही आई?"

कलाबाईनं तव्यावरची भाकर उलटली.

"हो," ती म्हणाली, आणि त्याच्या ताटात आणखी भरीत वाढलं.